डोळ्याखालचा अर्धा तुकडा

माझ्या तोंडाला लगाम नाही, असं माझी सासू म्हणायची, आणि खोटं कशाला बोलू, ते खरंच आहे. नाशकात डोळ्यांच्या एका खासगी दवाखान्यात मी पंचवीसेक वर्षं सिस्टर होते. ऑपरेशनची खोली माझ्या ताब्यात. हत्यारं निर्जंतुक करण्यापासून ते पेशंटच्या रडणाऱ्या नातेवाइकांना बाहेर हाकलण्यापर्यंत सगळं मीच बघायची. आमचे डॉक्टर हुशार, हाताने हलके आणि बोलायला महाकंजूस. ते पेशंटशी चार वाक्यं बोलायचे, उरलेली चारशे मी. त्या चारशेतलं एक वाक्य आठ वर्षांनी एका बाईच्या जिवावर उठलं आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. पेठच्या पुढच्या डोंगरातला एक तरुण मजूर पिंपळगावकडे द्राक्षाच्या बागेत कामाला आला होता. मंडपाची तार ताणताना लोखंडी अँगल सुटला आणि त्याच्या उजव्या डोळ्याखाली बसला. बागवाल्याने त्याला तसाच जीपमध्ये घालून आमच्याकडे आणून सोडलं. डोळा शाबूत होता, पण खालचं हाड फुटलं होतं. डोळा ज्या खोबणीत बसतो ना, तिचा तळ अंड्याच्या टरफलासारखा पातळ असतो. तो फुटला की डोळा खाली खचतो, आतला स्नायू फटीत अडकतो, वर बघता येत नाही आणि एकाचे दोन दिसायला लागतात.

"बाई, तू दोन दिसते," तो मला म्हणाला. त्या भागातली माणसं सगळ्यांना अरेतुरेच करतात, डॉक्टरलासुद्धा, त्यात अपमान काही नसतो.

"एकच पुरे आहे रे बाबा," मी म्हटलं. "दोन झाल्या तर दवाखाना बंद पडेल."

तो हसला आणि हसताना गाल दुखला म्हणून कळवळला. बिचारा एकटाच होता, सोबतीला कुणी नव्हतं, त्यामुळे मी त्याला जरा जास्तच दटावून जेवायला घालायची.

त्या काळात अशा मोडलेल्या तळावर सिलिकॉनची शीट बसवायचे. मऊ, दुधी रंगाची, सायकलच्या ट्यूबपेक्षा जराशी जाड. मोठी शीट मुंबईहून यायची. डॉक्टर तिच्यातून जिभेच्या आकाराचा तुकडा कापायचे, सरकू नये म्हणून मधोमध भोक पाडून त्यातून टाका घ्यायचे आणि डोळ्याखाली सरकवून द्यायचे. ऑपरेशन छान झालं. तिसऱ्या दिवशी मी पट्टी बदलत होते तेव्हा त्याने विचारलं, "बाई, माझ्या डोळ्यात काय घातला का? आत काय तरी हाय असा वाटतो."

मी म्हटलं, "काही नाही घातलं रे. हाड नीट बसवलंय फक्त. गप पडून राहा."

का म्हटलं असं? आदल्याच आठवड्यात एक पेशंट 'माझ्या डोळ्यात प्लास्टिक नको' म्हणून टेबलावरून उठून गेला होता, तो धसका होता. आणि खरं सांगायचं तर सवय. सुई टोचताना काही नाही, टाके काढताना काही नाही, आम्हा सिस्टर लोकांचं तोंड तेच बोलतं. त्याला घरी सोडताना जे कार्ड दिलं त्यावर शीटचं सगळं लिहिलेलं होतं, पण इंग्रजीत. ते कार्ड त्याने प्लास्टिकच्या पिशवीत घालून कंबरेला खोचलं. दोनचं एक दिसायला लागलं होतं, गडी खूश होता. महिन्याने तपासायला ये म्हटलं होतं, तो काही आला नाही आणि आम्हीही त्याला विसरून गेलो.

आठ वर्षांनी तो आला. सोबत बायको होती. उजव्या डोळ्याच्या खाली, पापणीच्या कडेशी एक भोक आणि त्यातून पू. मी त्याला ओळखलं नाही. त्याने मात्र मला बरोबर ओळखलं. "तीच बाई," तो बायकोला म्हणाला.

तो सांगत होता, भातलावणीच्या वेळेला डोळ्याखाली फोड आला, मग फुटला, मग बरा झाला, मग परत फुटला. गावाजवळच्या दुकानातून थेंब आणून घातले, झाडपाला लावला. बायको मध्येच काहीतरी म्हणाली, तर त्याने तिला गप केलं. आम्हीही विचारलं नाही. डॉक्टरांनी बघताक्षणी ओळखलं. जुनी शीट बाहेर यायला लागली होती. दुसऱ्याच दिवशी जागा बधिर करून त्यांनी ती काढली. पण निघाला तो अर्धाच तुकडा. टाक्याच्या भोकापाशी फाटलेला.

"उरलेली अर्धी कुठाय?" डॉक्टर स्वतःशीच पुटपुटले. आत परत परत बघितलं, नव्हती.

मला पेशंटला दाखवायची हौस. काही निघालं की त्याला दाखवायचं, म्हणजे त्याचा जीव भांड्यात पडतो. मी ट्रे त्याच्या चांगल्या डोळ्यापुढे धरला. "बघ, हे छळत होतं तुला."

त्याचा चेहरा असा पांढरा पडला की मी नाडीला हात लावला. "आजून एक?" तो म्हणाला. "तिना दोन टाकलं होतं?"

"कुणी टाकलं? काय बोलतोस?"

"भावजय," तो म्हणाला आणि टेबलावर लहान पोरासारखा हुंदके देऊन रडायला लागला.

बाहेर बाकावर बसलेल्या त्याच्या बायकोकडून मी सगळं काढून घेतलं. दसऱ्याच्या सुमाराला फोडातून काहीतरी पांढरं डोकावायला लागलं. गावच्या भगताकडे नेलं. त्याने मंत्र म्हणत दोन बोटांनी ते पांढरं ओढलं, आणि सगळ्या गावासमोर माणसाच्या डोळ्यातून प्लास्टिकचा तुकडा निघाला. गाव हादरलं. करणी! आणि करणी कुणाची, तर घरातल्याच विधवा भावजयीची. कारण भाताच्या बांधावरून भांडण झालं होतं तेव्हा ती दिराला म्हणाली होती, "तुझे डोळे फुटतील."

अहो, हे वाक्य मी दिवसातून दहादा म्हणते! दूधवाल्याला म्हणते, नवऱ्याला म्हणते. आमच्या सिडकोच्या गल्लीत या वाक्यावरून कुणाला भुताळी, म्हणजे चेटकीण, ठरवायचं म्हटलं तर गल्ली ओस पडेल. तिला मात्र ठरवलं. लोकांनी तिला मारलं. तिच्या झोपडीचं छप्पर ओढून काढलं. तिला गावाबाहेर काढलं. आता ती पिंपळगावला कुठल्याशा द्राक्षाच्या शेडमध्ये कामाला होती, असं गावातला कुणी बघून आला होता.

"तिला मूलबाळ?"

"एक पोरगी हाय. पाच वर्षांची. आमच्याकडं."

"म्हणजे पोर पण हिसकावून घेतलीत?" माझा आवाज एवढा चढला की ओपीडीतले लोक वळून बघायला लागले.

"आमी नाय घेतली," ती खाली बघत म्हणाली. "तीच ठेवून गेली."

मला ते खरं वाटलं नाही. जगात एकाच बाईला ठाऊक होतं की तो तुकडा कुठून आला, आणि ती बाई इथे बसून कापसाचे बोळे करत होती. मी तशीच आत त्याच्याकडे गेले आणि म्हटलं, "अरे, तो तुकडा आम्ही ठेवला होता. आठ वर्षांपूर्वी. ऑपरेशनमध्ये. करणी नाही की काही नाही."

त्याने मान हलवली. "नाय बाई. मी तुला इचारला होता. तू बोलली, काय नाय घातला."

तो रागावला नव्हता. माझी चूक होतेय असं समजून मला आठवण करून देत होता. आठ वर्षं त्याने माझं वाक्य जसंच्या तसं जपून ठेवलं होतं, कारण दवाखान्यातली बाई खोटं कशाला बोलेल? मला वाटलं, धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं.

डॉक्टरांच्या केबिनमध्ये मी न विचारता घुसले. त्यांनी ऐकून घेतलं आणि मला समजावायला लागले. होतं म्हणे असं. सिलिकॉनला शरीर चिकटत नाही, नुसती पिशवी करून गुंडाळून ठेवतं. मग ते कधी सरकतं, कधी त्यात जंतू शिरतात, कधी वर्षानुवर्षं शांत बसून मग कातडीतून बाहेर येतं. आता बारीक भोकांचं मटेरियल आलंय, त्यात आपलं मांस रुजतं. टायटॅनियमची जाळी आलीय. पेशंटच्याच कमरेचं हाड घेतात. पण जाळीला आतला स्नायू चिकटून बसतो, हाड हळूहळू विरघळून जातं. शंभर टक्के बिनधोक असं काहीच नाही, सिस्टर. प्रत्येकाची आपापली गुंतागुंत असते.

"आणि या गुंतागुंतीत भावजय कुठे लिहिलीय?" मी विचारलं.

त्यांनी उठून स्वतः जुनं रजिस्टर शोधलं. नोंद सापडली. मी म्हटलं, मराठीत लिहून द्या, सहीनिशी, मी गावात जाऊन वाचून दाखवते. त्यांनी लिहिलं की अमुक पेशंटच्या डोळ्याखाली आम्ही प्लास्टिकचा तुकडा ठेवला होता. पेन ठेवायला लागले. मी म्हटलं, "पुढचं?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग खाली लिहिलं, 'ही गोष्ट पेशंटला सांगितली नव्हती.' त्या सहीला त्यांना बराच वेळ लागला, पण त्यांनी केली, एवढं त्यांचं मानते मी.

पुढच्या रविवारी त्या दोघांबरोबर मी पेठच्या एसटीत बसले. फाट्यावर उतरून चढाची वाट. वाटभर मी मनातल्या मनात भगताला शिव्या घालायची तयारी करत होते. असा भोंदू, असा हरामखोर, एका गरीब बाईचं घर मोडलं, याला पोलिसातच देते. तो निघाला सत्तरीचा एक वाळका म्हातारा. गुडघ्यापर्यंत धोतर, डोक्याला फडकं. मला बघून लगबगीने उठला, बसायला गोणपाट टाकलं, प्यायला पाणी दिलं आणि चढून आल्याने पाय दुखत असतील म्हणाला. शिवी तोंडात आली होती ती पाण्याबरोबर गिळावी लागली.

त्याने घरातून एक छोटा डबा आणला. आत तांदळात पुरलेला, शेंदूर लागलेला दुसरा अर्धा तुकडा होता. मी माझ्याकडचा अर्धा गॉजमधून काढला आणि त्याच्याशेजारी ठेवला. फाटलेल्या कडा एकमेकींना बरोबर लागल्या. मधलं भोक गोल झालं. ओट्याभोवती पंचवीस-तीस माणसं जमली होती.

भगताने मला खुणेने घरामागे नेलं. तिथे भाताच्या पेंढ्याशेजारी उभा राहून खालच्या आवाजात बोलायला लागला. तो आता हयात नाही, म्हणून हे लिहिते आहे.

"बाई, मी लोकांच्या अंगातून काटा काढतो, केस काढतो, कोळसा काढतो. ते माझ्या हातातच असतात. माझा बा तसाच करायचा. माणसाचा जीव हलका होतो, तो बरा होतो." त्याने आपला तळवा माझ्यापुढे उघडा धरला. "पन हा माझ्या हातात नव्हता. हा त्याच्या डोळ्यातून खरंच निघाला. मी सत्तर वर्षांत असा पाहिला नाय. मी लय भियालो, बाई."

जन्मभर हातचलाखी केलेल्या माणसापुढे एक दिवस खरोखरच काहीतरी बाहेर आलं. सगळ्या गावात सगळ्यात जास्त घाबरला असेल तर तो. आणि लोक कुणाचं, कुणाचं म्हणून विचारत होते तेव्हा त्या भीतीपोटी जे नाव सगळ्यांच्या तोंडी होतं तेच तो बोलून बसला. मी याला भोंदू म्हणायला आले होते. अहो, तो निदान हातात लपवायचा. मी तर माणसाच्या डोळ्यात ठेवून नाही म्हणाले होते.

ओट्यावर परत येऊन मी चिठ्ठी वाचली. मग चिठ्ठी बाजूला ठेवून सगळं माझ्या शब्दांत सांगितलं. ऐकून झाल्यावर एक म्हातारी, तिला कमी दिसत होतं बहुतेक, माझ्या आवाजाच्या दिशेला तोंड करून म्हणाली, "मंग तव्हा का नाय सांगला?"

मला कधी शब्द सुचला नाही असं झालेलं नाही. त्या दिवशी झालं. सगळे वाट बघत होते. शेवटी मी म्हटलं, "चुकलं माझं." कुणी मला एका शब्दाने बोललं नाही. हात उचलला नाही, दगड मारला नाही. माझ्या चुकीसाठी दुसऱ्या बाईने मार खाल्ला होता आणि मला मात्र निघताना नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी खाऊ घातली. भगत सगळ्यांसमोर म्हणाला, "तिचा दोष नाय. तिला आना." दीर मान खाली घालून बसला होता. दाराशी ती पोरगी उभी होती, काकूच्या पदराला धरून, माझ्या चष्म्याकडे टक लावून बघत.

दुसऱ्या दिवशी ती काकू आणि मी पिंपळगावला गेलो. तीन शेड पालथ्या घातल्यावर ती सापडली. लांब टेबलाच्या दोन्ही बाजूंना बायका उभ्या राहून कात्रीने घडातले खराब मणी काढत होत्या, गप्पा, हसणं, गाणी चाललेली. ही सगळ्यात टोकाला, भिंतीकडे तोंड करून एकटी. पदर कपाळावरून पार नाकापर्यंत ओढलेला. मुकादम म्हणाला, कामाला वाघीण आहे, पण कुणाकडे मान वर करून बघत नाही. बायकांची तान्ही पोरं झोळीत रडतात, ही जवळसुद्धा जात नाही.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही तिघी बाहेर टेम्पोच्या सावलीला बसलो. जाऊ मुकी झाली होती, तेव्हा बोलायचं मलाच होतं. मी सगळं सांगितलं, अँगल, ऑपरेशन, शीट, माझं खोटं. दोन्ही तुकडे, भगताने दिलेला आणि माझ्याकडचा, तिच्यापुढे जुळवून ठेवले. तिने पदराआडून एकदा पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"मी कबूल केला होता, बाई," ती म्हणाली.

"मारलं म्हणून केलंस ना?"

"नाय. मारला तव्हा मी नायच बोलत होती. नंतर केला. रातभर इचार केला. डोळे फुटतील असा मीच बोलली होती. आन तसाच झाला. मंग मला वाटला, माझ्यातच काय तरी हाय. माझ्या नजरेत हाय." पदर आणखी ओढून म्हणाली, "म्हून पोर ठेवून आली. रोज तिच्याकडं पाहिला असता ना मी."

आत्तापर्यंत मला वाटत होतं की तिच्यावर आळ आलाय, तो दूर केला की झालं. ती बाई स्वतःच्या लेकराला स्वतःपासून वाचवायला इथे आली होती. जाऊ पदर तोंडात कोंबून रडायला लागली. मी भावजयीचे दोन्ही हात धरले आणि जीव तोडून सांगितलं की बये, तुझ्या नजरेत काही नाही, माझ्या बोलण्यात होतं, तू आत्ता चल, पोरगी दाराशी उभी आहे. तिने हात सोडवून घेतले.

"चुकला तर?" ती म्हणाली. "पोर एकच हाय."

मग तीच म्हणाली, "आधी तुझ्याकडं पाहते. चार दिवसांत तुला काय झाला नाय, तर मी पोरीकडं जाईन."

मी म्हटलं, "बघ."

तिने पदर मागे सारला. कितीतरी महिन्यांनी कुणाच्या तोंडाकडे बघत असेल ती. तिशीचीही नव्हती. भुवईजवळ माराचा वण होता. तिने माझ्याकडे बघितलं, सरळ डोळ्यांत, पापणी न हलवता, आत कामाची घंटा वाजेपर्यंत. मी हलले नाही. मग तिने पदर ओढला आणि मागे न बघता आत गेली.

ते चार दिवस मी कसे काढले माझं मला माहीत. लूना चालवली नाही, रिक्षाने गेले. जिना उतरताना कठडा घट्ट धरला. दवाखान्यात सुईला दोनदा बघून हात लावला. थंड पाणी प्यायले नाही, न जाणो सर्दी व्हायची आणि ती म्हणायची, बघ, लागली. नवरा म्हणाला, तुला झालंय तरी काय, आवाज नाही की भांडण नाही. मी त्यालाही काही बोलले नाही, म्हणजे बघा.

पाचव्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीने मी पिंपळगावला उतरले. शेडच्या दारातच ती उभी होती. तिने मला उजेडात ओढलं. माझे हात उलटेसुलटे करून बघितले, हनुवटी धरून मान इकडून तिकडे फिरवली, दोन्ही डोळ्यांच्या खालच्या पापण्या अंगठ्याने ओढून आत बघितलं, अगदी आमचे डॉक्टर बघतात तसं. आणि मग आत जाऊन आपलं गाठोडं घेऊन आली.